दहा जणांचं उत्पन्न, दोन गट आणि २६ टक्क्यांचा घोळ

हे प्रकरण दहा जणांचं आहे. दहाही जण कागदावरचे, त्यांची उत्पन्नंही मीच ठरवलेली. खऱ्या सर्वेक्षणात हजारो नोंदी असतात. त्या संगणकात जातात आणि शेवटी दोन-तीन आकडे बाहेर येतात. मधे काय घडलं, ते अहवाल लिहिणाऱ्यालाही बऱ्याचदा दिसत नाही. दहा नोंदी मात्र वहीच्या पानावर पेन्सिलीने सोडवता येतात आणि प्रत्येक आकड्याचा माग काढता येतो. माणसं रचलेली असली तरी वाद खरा आहे. विषमतेवरचे अहवाल वाचणाऱ्याची त्याच्याशी गाठ पडतेच.

पहिल्या गटात सहा जण आहेत, त्यांची उत्पन्नं २, ४, ४, ६, ८ आणि १२. दुसऱ्या गटात चार जण, त्यांची ४, ८, १२ आणि २४. एकक कोणतंही धरा, फरक पडत नाही. इथे वापरलेली विषमतेची मापं गुणोत्तरांवर चालतात, सगळ्यांचं उत्पन्न दहापट केलं तरी ती हलत नाहीत. गटही कशाचे धरायचे ते धरा: स्त्री-पुरुष, दोन प्रदेश, दोन धर्म, स्थलांतरित आणि स्थानिक. पहिल्या गटाची बेरीज ३६, सरासरी ६. दुसऱ्याची बेरीज ४८, सरासरी १२. दहा जणांचं मिळून ८४, सरासरी ८.४.

पहिल्या गटाची तक्रार अशी की, दुसऱ्या गटाची सरासरी आमच्या बरोबर दुप्पट आहे. त्यावर एक टिपण तयार होतं: ‘थाइल निर्देशांकानुसार एकूण विषमतेपैकी जेमतेम २६ टक्के विषमता दोन गटांमधली आहे. उरलेली ७४ टक्के गटांच्या आतली आहे. तेव्हा गटागटांतल्या तफावतीचा मुद्दा दुय्यम ठरतो.’

या टिपणातला गुणाकार-भागाकार बिनचूक आहे. मला खटकतो तो त्यातला ‘तेव्हा’.

२६ टक्के आले कुठून

हेन्री थाइल हे डच अर्थमितिज्ञ. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहिती-सिद्धान्तातली एन्ट्रॉपीची, म्हणजे अनिश्चितता मोजण्याची, कल्पना त्यांनी उत्पन्नाच्या वाटणीला लावली आणि १९६७ साली हा निर्देशांक पुढे आला. रीत सोपी आहे. प्रत्येकाच्या उत्पन्नाला एकूण सरासरीने भागायचं. आलेल्या गुणोत्तराला त्याच्याच नैसर्गिक लघुगणकाने (लॉगने) गुणायचं. सगळ्यांच्या गुणाकारांची सरासरी काढायची.

२४ उत्पन्नाचा माणूस घ्या. २४ भागिले ८.४ म्हणजे २.८५७. त्याचा लघुगणक १.०५. गुणाकार जवळजवळ ३. सरासरीच्या खाली असलेल्यांचे लघुगणक ऋण येतात, त्यामुळे त्यांचे गुणाकार वजा होतात. दहा जणांची बेरीज होते २.२८४, म्हणजे एकट्या त्या माणसाच्या ३ पेक्षाही कमी. दहाने भागलं की निर्देशांक ०.२२८४. एका टोकाच्या उत्पन्नावर हे माप किती टेकलेलं असतं, हे इथेच लक्षात घेऊन ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फोड, म्हणजे एकूण विषमतेचे गटागटांतली आणि गटांच्या आतली असे दोन भाग करणं. आधी गटाच्या आतला सगळा फरक पुसून टाकायचा. पहिल्या गटातल्या सहाही जणांना ६ द्यायचे, दुसऱ्यातल्या चौघांना १२. या सपाट केलेल्या दहा जणांचा थाइल येतो ०.०५९६. ही झाली गटागटांतली विषमता. मग प्रत्येक गट वेगळा धरून आतली विषमता मोजायची: पहिल्यात ०.१४३८, दुसऱ्यात ०.१८७४. एकूण उत्पन्नातला ज्या गटाचा जेवढा हिस्सा, तेवढं त्या गटाला वजन. इथे ३६ भागिले ८४ आणि ४८ भागिले ८४, म्हणजे तीन सप्तमांश आणि चार सप्तमांश. बेरीज ०.१६८८ (शेवटच्या अंकात एखाद्याचा फरक पडला तर तो दशांश तोडल्याचा आहे). ०.०५९६ आणि ०.१६८८ मिळून ०.२२८४. काही शिल्लक राहत नाही, काही दोनदा मोजलं जात नाही. ०.०५९६ ला ०.२२८४ ने भागा, २६.१ टक्के.

या चोख फोडीमुळेच थाइल निर्देशांक लोकप्रिय झाला. १९७९-८० च्या सुमारास फ्रांस्वा बुर्गिन्यों, अँथनी शॉरॉक्स आणि फ्रँक कॉवेल यांनी दाखवून दिलं की बाकी न उरता अशी बेरजेची फोड हवी असेल, तर मापांचं एकच कुळ हाती उरतं, सामान्यीकृत एन्ट्रॉपीचं. थाइल त्यातलाच एक.

शंभरपैकी २६ नव्हे

टक्का वाचला की आपलं मन आपोआप शंभर हा माथा धरतं. इथे माथा शंभर नाही.

गटाचा वाटा शंभर टक्के होण्यासाठी काय व्हावं लागेल? प्रत्येक गटातले सगळे जण अगदी सारख्या उत्पन्नाचे हवेत. असा समाज कुणी पाहिलेला नाही. मग वेगळा प्रश्न विचारू. हीच दहा उत्पन्नं, सहा आणि चारचे हेच दोन गट, पण वाटणी शक्य तितकी क्रूर केली तर? सगळ्यात खालची सहा उत्पन्नं पहिल्या गटाला: २, ४, ४, ४, ६, ८. बेरीज २८. वरची चार दुसऱ्याला: ८, १२, १२, २४. बेरीज ५६. पहिल्या गटातला कुणीही दुसऱ्या गटातल्या कुणाच्याही पुढे नाही, अशी ही संपूर्ण फाळणी. सरासरी एकीकडे ४.६७, दुसरीकडे १४, म्हणजे तिप्पट. या वाटणीत गटागटांतला थाइल येतो ०.१४४६. एकूण ०.२२८४ चा हा ६३ टक्के.

म्हणजे इतक्या टोकाच्या फाळणीतही टिपणात ६३ टक्केच छापले गेले असते, आणि कुणीतरी म्हटलंच असतं की एक तृतीयांशाहून जास्त विषमता गटांच्या आतली आहे. आपल्या प्रकरणातले २६ हे या ६३ पैकी आहेत. ०.०५९६ भागिले ०.१४४६ म्हणजे ४१ टक्के. संपूर्ण फाळणीपर्यंतची ४१ टक्के वाट हे दोन गट चालून गेलेत. हे वाचून ‘दुय्यम’ हा शब्द सुचेल का?

जागतिक बँकेत काम करणाऱ्या संशोधकांसह चौघांनी २००८ साली हाच बदल सुचवला: गटाचा वाटा एकूण विषमतेशी ताडण्याऐवजी, त्याच आकाराच्या गटांमध्ये जास्तीत जास्त जेवढा होऊ शकला असता त्याच्याशी ताडावा. माझ्या मते ही दुरुस्ती प्रत्येक अहवालात यायला हवी. मेहनतही फारशी नाही. उत्पन्नं चढत्या क्रमाने लावायची, गटांचा क्रम तोच ठेवून तुकडे पाडायचे आणि तेच सूत्र पुन्हा चालवायचं.

तीच माणसं, गिनीने मोजली तर

कोराडो गिनी यांचा १९१२ सालचा गुणांक थाइलपेक्षा कितीतरी जास्त परिचयाचा. तो लोरेन्झ वक्रातून (खालून वर जाताना एकूण उत्पन्नाचा हिस्सा कसा साचत जातो ते दाखवणाऱ्या रेघेतून) शिकवतात, पण गटांच्या प्रश्नात तो जोड्यांमधून पाहिला की अख्खा उलगडतो. दहा जणांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतला उत्पन्नाचा फरक काढायचा, सगळे फरक मिळवायचे, आणि त्या बेरजेला ‘माणसं गुणिले एकूण उत्पन्न’ म्हणजे १० गुणिले ८४, ८४० ने भागायचं.

करून पाहू. पहिल्या गटाच्या आत १५ जोड्या आहेत, फरकांची बेरीज ६४. दुसऱ्या गटाच्या आत ६ जोड्या, बेरीज योगायोगाने तीच, ६४. उरल्या २४ जोड्या, एक माणूस या गटातला आणि एक त्या गटातला. सरासरीतला फरक ६, जोड्या २४, म्हणून बेरीज १४४ यायला हवी. प्रत्यक्षात येते १८०. जास्तीचे ३६ कुठून आले?

ते चार जोड्यांतून आले. पहिल्या गटातला ६ वाला दुसऱ्या गटातल्या ४ वाल्याच्या पुढे आहे, फरक २. ८ वाला त्याच ४ वाल्याच्या पुढे, फरक ४. १२ वाला ४ च्या पुढे ८ ने आणि ८ च्या पुढे ४ ने. दोन, चार, आठ, चार, एकूण अठरा. १४४ हा आकडा धरताना हे अठरा वजा धरले गेले होते. गिनी मात्र फरकाचं चिन्ह पाहत नाही, म्हणून ते आधी भरून काढायचे आणि मग मिळवायचे, दुप्पट होऊन ३६.

सगळं मिळून ६४, ६४, १४४ आणि ३६, म्हणजे ३०८. भागिले ८४०, गिनी ०.३६७. आता वाटे पाहा. गटांच्या आतले १२८, म्हणजे सुमारे ४२ टक्के. गटागटांतले १४४, म्हणजे जवळपास ४७ टक्के. आणि उरलेले ३६, सुमारे १२ टक्के, जे धड आतले नाहीत आणि धड बाहेरचे नाहीत.

माणसं तीच, गट तेच, पैसा तोच. थाइल म्हणतो २६, गिनी म्हणतो ४७. टिपण लिहिणाऱ्याने गिनी वापरला असता तर ‘जवळजवळ निम्मी विषमता गटागटांतली’ असं वाक्य आलं असतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण दोन मापं आतल्या फरकांना वेगवेगळं वजन देतात. थाइलमध्ये २४ वाल्याचं वजन प्रचंड आहे, आणि तो दुसऱ्या गटाच्या आत बसला असल्यामुळे ‘आतला’ वाटा फुगतो.

गिनीच्या फोडीत उरणारे हे ३६ अनेकांना अडचणीचे वाटत आले. भारतातल्या कुटुंबांच्या खर्चातली प्रादेशिक तफावत मोजण्यासाठी एन. भट्टाचार्य आणि बी. महालनोबिस यांनी १९६७ सालीच, म्हणजे थाइलच्याच वर्षी, गिनीची फोड करून दाखवली होती. पुढे ही बाकी म्हणजे नेमकं काय, यावर बरीच वर्षं चर्चा चालली. मला ती बाकी नकोशी वाटत नाही, उलट मोलाची वाटते. गट एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते ती सांगते. संपूर्ण फाळणीत ती शून्य होते. ‘आमच्यातलेही काही तुमच्या पुढे आहेत’ हे वाक्य ज्या चार जोड्यांच्या जोरावर बोललं जातं, त्या चार जोड्या या ३६ मध्ये बसलेल्या आहेत.

गट किती पाडले

वाटा आणखी एका गोष्टीवर ठरतो, आणि ती टिपणात क्वचितच सांगितली जाते. समजा दोन गटांचे चार केले: २, ४, ४ एकत्र, ६, ८, १२ एकत्र, ४, ८ एकत्र, १२, २४ एकत्र. गटागटांतला थाइल होतो ०.१७८२ आणि वाटा ७८ टक्के. एकाच्याही उत्पन्नात बदल नाही, तरी २६ चे ७८ झाले. मी मुद्दाम उत्पन्नाच्या क्रमाने तोडलंय, म्हणून उडी एवढी मोठी आहे. खऱ्या वर्गवारीत ती लहान असेल. पण आहेत तेच गट आणखी बारीक केले तर हा वाटा कधीच घटत नाही. प्रत्येक माणूस स्वतंत्र गट धरला तर तो शंभर.

म्हणून स्त्री-पुरुष या दोन गटांचा वाटा आणि पंधरा-वीस प्रदेशांचा वाटा शेजारी-शेजारी ठेवून ‘लिंगापेक्षा प्रदेश महत्त्वाचा’ म्हणणं चुकीचं आहे. तुलना तेव्हाच अर्थाची, जेव्हा वर्गवारी तीच राहते. बुर्गिन्यों आणि क्रिस्तियां मॉरिसन यांनी २००२ साली जगाच्या उत्पन्नाची १८२० ते १९९२ या काळातली विषमता मांडली, तेव्हा जग ३३ देशगटांत वाटून तीच वाटणी सगळ्या काळासाठी धरली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विषमता मुख्यतः देशांच्या आत होती आणि विसाव्याच्या उत्तरार्धात देशादेशांतला वाटा वरचढ झाला, हे त्यांना म्हणूनच म्हणता आलं.

‘तफावत नाहीशी केली तर’

२६ टक्के वाचणारा मनात म्हणतो, गटागटांतला फरक उद्या मिटला तर विषमता २६ टक्क्यांनी घटेल. करून पाहू. पहिल्या गटातल्या प्रत्येकाचं उत्पन्न १.४ ने गुणायचं, दुसऱ्यातल्या प्रत्येकाचं ०.७ ने. दोघांची सरासरी ८.४. आतली गुणोत्तरं जशीच्या तशी. थाइल होतो ०.१६१३. घट २९.४ टक्के, २६.१ नव्हे. कारण वजनं उत्पन्नाच्या हिश्श्याची होती आणि सरासऱ्या सारख्या होताच ती बदलली: तीन सप्तमांशाचे सहा दशांश झाले.

याच कुळातलं दुसरं माप, सरासरी लॉग विचलन, या बाबतीत सरळ आहे. एकूण सरासरीच्या लघुगणकातून सगळ्यांच्या उत्पन्नांच्या लघुगणकांची सरासरी वजा केली की ते मिळतं. त्यात वजन लोकसंख्येचं असतं. आपल्या दहा जणांत ते ०.२३३२ येतं आणि गटाचा वाटा ०.०५९२, म्हणजे २५.४ टक्के. सरासऱ्या सारख्या केल्या की ते बरोबर तेवढंच उतरतं, ०.१७४० वर. शॉरॉक्स यांनी १९८० साली या गुणाकडे लक्ष वेधलं होतं. ‘तफावत मिटली तर किती घटेल’ हाच प्रश्न असेल तर हे माप घ्यावं. त्याची अडचण एकच: उत्पन्न शून्य असेल तर ते मोडतं. आणि शून्य उत्पन्नाची माणसं तक्त्यातून गुपचूप वगळली, तर ज्यांच्यासाठी हे मोजमाप चाललंय तेच बाहेर पडतात.

पाच वर्षांनी

प्रकरणाचा उत्तरार्ध. पहिला गट होता तसाच आहे: २, ४, ४, ६, ८, १२. दुसऱ्या गटात आता २, ४, ६ आणि ३६. बेरीज पुन्हा ४८, सरासरी पुन्हा १२. नवं टिपण म्हणतं: ‘गटागटांतल्या विषमतेचा वाटा २६ टक्क्यांवरून १३ वर आला. तफावत निम्म्याने कमी झाली.’

गटागटांतला थाइल काढा. ०.०५९६. एका दशांशानेही हललेला नाही, कारण तो फक्त सरासऱ्यांवर आणि संख्येवर अवलंबून आहे आणि दोन्ही त्याच आहेत. दुसऱ्या गटाच्या आतला थाइल मात्र ०.१८७४ वरून ०.५७११ झाला. त्यामुळे एकूण ०.२२८४ चे ०.४४७६ झाले. अंश तोच, छेद जवळपास दुप्पट. वाटा निम्मा होणारच. दुसऱ्या गटातल्या तिघांचं उत्पन्न निम्म्यावर आलं, चौथ्याचं दीडपट झालं, आणि त्या तिघांची घसरण टिपणात ‘तफावत कमी झाली’ अशी छापली गेली. हे वाक्य मला अस्वस्थ करतं. तिघांच्या मिळकतीचा अर्धा भाग गेला आणि वाचणाऱ्याच्या हाती सुवार्ता आली.

इथे टिपण लिहिणाऱ्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो टाळणं बरोबर नाही. सरासरी सोडून मध्यक पाहा, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या उत्पन्नांतला मधोमधचा आकडा. आधी पहिल्या गटाचा मध्यक ५ होता आणि दुसऱ्याचा १०. आता दुसऱ्याचा मध्यक ४ आणि ६ यांच्या मधोमध, म्हणजे ५. दोन्ही गटांचा मध्यक सारखा झाला. दुसऱ्या गटातला मधला माणूस आज पहिल्या गटातल्या मधल्या माणसाच्या पुढे नाही. या अर्थाने तफावत खरंच मिटली आहे, वर चढून नव्हे तर खाली उतरून. आणि उरलेली सरासरीची दुप्पट एका माणसाच्या ३६ वर तोललेली आहे. गंमत म्हणजे हे २६ चे १३ झाल्यातून कळलं नाही. ते कळलं दहा आकडे समोर मांडल्यावर.

सर्वेक्षणात तो ३६ वाला बऱ्याचदा सापडतच नाही. सगळ्यात वरच्या उत्पन्नाची माणसं प्रश्नावली भरायला कमी मिळतात आणि मिळाली तरी उत्पन्न कमी सांगतात. तो एकटा नमुन्यातून सुटला तर दुसऱ्या गटात उरतात २, ४ आणि ६, सरासरी ४. तेव्हा पहिला गट पुढे दिसेल.

त्यामुळे दुसरं टिपण मी असं लिहीन: ‘दुसऱ्या गटाची सरासरी पाच वर्षांपूर्वी पहिल्याच्या दुप्पट होती, आजही दुप्पट आहे. मध्यक आधी १० आणि ५ होते, आता दोन्हीकडे ५ आहेत. दुसऱ्या गटातल्या चारपैकी तिघांचं उत्पन्न निम्म्यावर आलं, एकाचं २४ वरून ३६ झालं. एकूण थाइल ०.२२८४ वरून ०.४४७६ वर गेला, वाढ सगळी दुसऱ्या गटाच्या आतली आहे. गटागटांतला भाग ०.०५९६ होता, तेवढाच आहे. वर्गवारी दोनच गटांची आहे आणि ती दोन्ही वर्षी तीच ठेवली आहे.’